चार मिळवा

चिठ्ठी नव्हती. अकरा महिन्यांनी लॅबच्या दोन पायऱ्या उतरून आत आले, कोट चढवला, आणि कुणाशी धड बोलायच्या आधी सवयीने हात गेला तो थंड भांड्याशेजारच्या तापमानाच्या आकड्यांच्या पेटीकडे, तर पेटीच्या कपाळावर चिठ्ठी नव्हती. डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता, कडांना मळ धरलेला, जखमेवरची पट्टी ओढून काढल्यावर राहतो तसा. मी बोट लावून पाहिलं. अजून चिकट होता. ओत्ताव्यो मागे येऊन उभा राहिला. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे कंत्राटावर लागलो, तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मी नव्हते तेव्हा माझं भांडं तोच चालवत होता. "अगं, मार्चमध्ये फोटोवाला आला होता," तो म्हणाला. "संस्थेच्या कॅलेंडरसाठी. प्रोफेसरांनी सगळं चकाचक करून घेतलं. तुझा तो चिटोरा कसा दिसला असता फोटोत?" मी विचारलं, "कुठाय?" "काय?" "चिटोरा." "केरात गेला असेल गं. ते सोड, पोरीचा फोटो दाखव." मी फोन काढून फोटो दाखवला. पाच महिन्यांची माझी मुलगी, टकली, तोंडात मूठ. तो हसला, मीही हसले, आणि हसता हसता पायापासून काहीतरी वर चढायला लागलं. तेव्हा त्याला राग म्हणायचं मला सुचलं नाही. बरेच दिवस झोप न झाल्याने असं होतं, एवढंच वाटलं.

चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'हा थापाड्या आहे. चार मिळवा. – रो.' एवढंच. पण त्या चारसाठी मी गेल्या मे महिन्यातले सगळे दिवस घातले होते. शनीच्या एका चंद्रावर पाणी दगडासारखं गोठलेलं असतं आणि तळी असतात ती मिथेनची, इथेनची. आपल्याकडे जो गॅस चुलीत जळतो तो तिथे थंडीने पातळ होऊन लाटा मारतो. आम्ही ती तळी इथे करतो, चमचाभर, स्टीलच्या भांड्यात, एका कुपीमध्ये, आणि तिला नाण्याएवढी काचेची खिडकी. ते कधी गोठतं, कधी सुटतं, गोठताना तळाशी बसतं की वर तरंगतं, एवढं बघायचं. बाहेरून कुणी विचारलं की मी सांगते, बर्फ बघते, आणि विचारणारा म्हणतो, मग आमच्या डोंगरावर जा की. असो. तर त्या भांड्याचा थर्मामीटर चांगला आहे, त्याला प्रमाणपत्र आहे, दर वर्षी तो उत्तरेतल्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जातो आणि शिक्का घेऊन परत येतो. फक्त तो बसवलाय चुकीच्या जागी. कुपी इथे आणि तो तिथे, वीतभर लांब, पातळ नायट्रोजनने गारठलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर. पायाच्या अंगठ्याला हात लावून कपाळाचा ताप सांगावा, तसा तो सांगतो. हे मला कळलं ते मिथेनमुळे. शुद्ध मिथेन उणे एकशे ब्याऐंशीला वितळतो. तो कुणाची परवानगी घेऊन वितळत नाही, कुणाच्या फायलीसाठी थांबत नाही. मी तो गोठवायची, खिडकीला डोळा लावून बसायची आणि अगदी हळू ऊब द्यायची, इतकी हळू की मान आखडायची. आधी कणाची धार जाते. मग तो सैल पडतो. दूध पिता पिता झोपलेल्या बाळाचे ओठ सुटतात ना, तसा सुटतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आता माहीत आहे. आणि त्या क्षणी पेटीकडे पाहावं तर आकडा एकशे शहाऐंशी. नऊ वेळा केलं. नऊही वेळा शहाऐंशी, पुढचा दशांश तेवढा इकडेतिकडे. तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि ते कुणाला माहीत नव्हतं. भांड्यातली हवा काढणाऱ्या पंपाच्या तेलाचा वास सोसावा म्हणून मी तोंडात लिंबाची साल धरून बसायची. नवव्या खेपेला यंत्रांचं सगळं बघणारे तूरीकाका मागून म्हणाले होते, "ग्रानिताचा बर्फ करणारासुद्धा चमचा भांड्याच्या मधोमध घालून बघतो पोरी, कडेला नाही." मग मी चिटोरा फाडला आणि लिहिलं.

दिवस गेल्याचं सांगितलं त्याच दुपारी माझं दाराचं कार्ड बंद झालं. कायदाच तसा आहे: पोटात मूल असेल तर असल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाळंतपणानंतरचे महिने तर मुळीच नाही. कायद्यावर माझा राग नाही, माझ्या आईला असला कायदा मिळाला असता तर तिने त्याला मेणबत्ती लावली असती. पण कार्ड बंद झालं तेव्हा लाल दिवा लागून ते यंत्र टुंईक करून ओरडलं, आणि मागे उभे असलेले प्रोफेसर लाउदानी म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच आहे, रोझाल्बा. जा, मजा कर." मजा. मी सहा महिने आईच्या घरी डोंगराच्या अंगाला बसून आंबवलेल्या कणकेसारखी फुगत गेले, आणि मग ती आली, आणि मग मजा सुरू झाली.

दहा वाजता प्रोफेसर आले. रात्री आमच्या ज्वालामुखी डोंगराने राख टाकली होती, त्यांच्या खांद्यांवर काळी रवाळ राख तशीच होती, आणि हातात कागदी पेल्यांचा ट्रे, बदामाच्या दुधाच्या बर्फाची ग्रानिता, वर गोड ब्रियोश पाव. "आलीस! खा आधी," म्हणाले. "तुझी ईमेल उघडलीस की नाही? उघड, उघड. नाही, मीच सांगतो." त्यांना राहवत नव्हतं, लहान मुलासारखं. मिथेन आणि इथेनचं मिश्रण पुस्तकं सांगतात त्याहून जास्त थंडीतही पातळच राहतं, असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे तिकडच्या तळ्यांचा सगळा हिशेब बदलणार. म्हणजे ती हिवाळ्यातही गोठत नसणार. शोधनिबंध लिहून तयार होता, संध्याकाळी मासिकाकडे जायचा होता. "आणि लेखकांत तिसरं नाव कुणाचं आहे?" त्यांनी मला ब्रियोश पुढे करत विचारलं. "घरी बसून निबंध मिळाला की नाही तुला? शुक्रवारी कंत्राटांची समिती बसेल तेव्हा तुझ्या फायलीत हा सगळ्यात वर. अजून तीन वर्षं पक्की समज." मी विचारलं, "पुस्तकांपेक्षा किती खाली?" माझा आवाज अगदी साधा आला, कुणी भाव विचारावा तसा. ओत्ताव्योने उत्तर दिलं. "चार अंश. सगळीकडे चार! मिश्रण बदललं तरी चार. कुणाचा विश्वास बसणार नाही." प्रोफेसरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी चमचा तोंडात घातला. ग्रानिता इतकी गार होती की दात वाजले, आणि मी ती गिळली.

हे लिहून ठेवते, कारण पुढे मी शूर झाले असं कुणी समजेल. मी बोलले नाही. तीन वर्षं, हे दोन शब्द माझ्या डोक्यात बसले होते, बाळाच्या पाळण्यावर टांगलेल्या चिमणीसारखे गोल फिरत. अकराला छाती दगडासारखी झाली, तेव्हा मी सामानाच्या खोलीत गेले, नायट्रोजनच्या पिंपांमध्ये एका उलट्या खोक्यावर बसले आणि दूध काढायचा पंप लावला. हा पंपही तसाच आवाज करतो, आमच्या मोठ्या पंपासारखा, फक्त हलका. एका हाताने चिरीनोला फोन लावला. माझा नवरा विमानतळावर सामान चढवतो. राखेमुळे विमानं बंद होती म्हणून तो घरी होता, पोर त्याच्या अंगावर. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रोझा, एक विचारू? तिकडे शनीवर जाऊन कोण थर्मामीटर लावणार आहे?" मी म्हटलं, "तसं नाही ते." "चार अंश गं! घरात हीटर चार अंश इकडेतिकडे झाला तर तुला कळत नाही." "मला कळतं." "बरं, तुला कळतं. शुक्रवारपर्यंत तुला कळू देऊ नकोस, एवढंच म्हणतो. नंतर सांग ना. चूक आहे ती शुक्रवारनंतरही चूकच राहील, पळून जातेय का?" तो वाईट माणूस नाही. मला पटलंही. मागे सासूबाईंचा आवाज आला, "हिचं कपाळ कढत लागतंय रे," आणि चिरीनो म्हणाला, "आई, थर्मामीटर लाव ना," आणि त्या म्हणाल्या, "कशाला? लावलेत की ओठ. नाही, नाही ताप. झोपेची ऊब आहे." मला डोळ्यांपुढे दिसलं, त्या वाकून ओठ कपाळाला लावतात आणि डोळे मिटतात. त्या कधीच चुकलेल्या नाहीत, हे सांगताना मला कसंतरी होतं.

कारण सासूबाईंवरही माझा राग आहे, आणि तो चिठ्ठीच्या आधीचा आहे. मुलीचं नाव वेनेरा. आमच्याकडे पहिली मुलगी झाली की तिला बापाच्या आईचं नाव मिळतं, विचारायची पद्धत नाही. मी शुद्धीवर होते, डॉक्टर टाके घालत होते, आणि बाहेर वेनेरा आली, वेनेरा आली, असं सुरू झालं होतं. माझ्या मनात दुसरं होतं. ते मी कुणाला सांगितलंच नाही, मग रागावते कुणावर? नाव दिलं म्हणजे सगळे तुमच्याकडे हसून बघतात, तुम्ही आता आभार मानायचे असतात. तिसरं नाव. घरी बसून मिळालं. खोक्यावर बसून पंपाच्या बाटलीत थेंब थेंब पडताना बघत मला जाणवलं की मला नाव काढून टाकल्याचा राग आला नसता एवढा हे घातल्याचा आलाय. चिटोऱ्यावरचं एक अक्षर, रो, केरात टाकलं, आणि अख्खं नाव नेऊन थापेला चिकटवलं. आणि अजून खाली, तळाशी, एक गोष्ट होती, तिच्याकडे मी वर्षभर पाहिलं नव्हतं. तो चार मी प्रोग्रॅममध्ये का नाही घातला? दोन मिनिटांचं काम होतं. घातला असता तर पेटीने स्वतःच चार मिळवून दाखवले असते आणि चिठ्ठी उडाली काय, राहिली काय. वहीत लिहिला, चिठ्ठीवर लिहिला, प्रोग्रॅममध्ये नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मी लांब असेन तेव्हा ओत्ताव्यो फोन करेल: रोझाल्बा, हे चार कसले गं? माझ्यावाचून अडावं, एवढीशी हाव. मी पोटावर हात ठेवून ती हाव केली होती. कुणी फोन केला नाही. अकरा महिन्यांत वही कुणी उघडली नाही.

बाहेर आले तर तूरीकाका भांड्यात नायट्रोजन ओतत होते, वाफेत कमरेपर्यंत बुडालेले. मी हळूच म्हटलं, "काका, चिठ्ठी कुणी काढली?" ते वर न बघता म्हणाले, "मी. सुरीने खरवडली. सांगितलं त्यांनी." "तुम्हाला माहीत होतं तिच्यावर काय लिहिलंय." "वाचता येतं मला." "मग चार अंश सापडले म्हणून ते नाचले तेव्हा तुम्ही काय केलंत?" त्यांनी नळी आपटली. "मला विचारलं कुणी? बत्तीस वर्षं इथे तांबं कापतोय, बाई. यांच्या कुठल्या कागदावर मी आहे? तिसरं सोड, तेहेतिसावं नाव तरी आहे माझं? आहे तुझं. तू बोल." मग नळी पुन्हा उचलली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भांडं गार आहे. मिथेनची बाटली भरलेली आहे. मी आपलं सांगून ठेवतो." माझं डोकं तडकलं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माझ्याकडे बघतायत, की ही बोलेल, हिला चालेल, हिच्याकडे गमवायला नाव आहे. पण खरं सांगायचं तर त्यांच्या रागाने माझा राग सरळ उभा राहिला. इतका वेळ तो नुसता फिरत होता.

वाद घातला असता तर मी हरले असते. प्रोफेसरांकडे प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे, माझ्याकडे डिंकाचा डाग. म्हणून मी काहीही न बोलता मिथेन कुपीत सोडला. गोठायला वीस मिनिटं. खिडकीत तो आधी धुरासारखा येतो, मग मिठासारखा. ओत्ताव्यो म्हणाला, "काय करतेस? मिश्रण लावू का?" "नको. साधा मिथेन." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि गेलं. तो हुशार आहे, त्याला तेव्हाच कळलं असणार, आणि त्याच्याही पोटापाण्याचं शुक्रवारीच ठरणार आहे. मी ऊब द्यायला लागले. ऊब देताना घाई केली तर तांबं आणि कुपी एकमेकांच्या मागे धावतात आणि मग कुणाचंच खरं कळत नाही. हळू. एक वाजला. दूध काढायची वेळ टळली, कारण मला हात सोडायचा नव्हता. छाती ठणकत होती. दीड वाजता मी हाक मारली, "प्रोफेसर, जरा येता? तुमचा डोळा हवाय."

ते हसत आले, चष्मा वर सरकवून खिडकीला डोळा लावला. "अरे वा, काय सुंदर बसलाय. शुद्ध आहे?" "शुद्ध. वितळला की सांगा." "कशाला?" "सांगा ना." ते थांबले. पंप चालू होता. तूरीकाका फडक्याने हात पुसत पुसत थांबून राहिले होते. मग प्रोफेसर सवयीने, चाळीस वर्षांच्या सवयीने, म्हणाले, "आता." मी म्हटलं, "ओत्ताव्यो, आकडा वाच." त्याने प्रोफेसरांकडे पाहिलं. "वाच ना." "उणे एकशे शहाऐंशी," तो म्हणाला. "पॉइंट एक." आणि त्याच वेळी माझ्या दोन्ही बाजूंनी ऊन ऊन उतरायला लागलं, मला थांबवता आलं नाही, ब्लाउज भिजला, कोटाच्या उघड्या कडेतून दोन मोठे डाग सगळ्यांसमोर पसरत गेले. प्रोफेसरांनी डोळा काढला, माझ्याकडे पाहिलं, झटकन भिंतीकडे पाहिलं. "रोझाल्बा, तू... जाऊन ये हवं तर, मग आपण..." "माझ्याकडे नका बघू," मी म्हटलं. "खिडकीत बघा." मी इतक्या मोठ्याने बोलले की पंपाचाही आवाज ऐकू येईना. "परत गोठवते. परत सांगा."

तीनदा केलं. कोट मी लावला नाही. दुसऱ्यांदा शहाऐंशी पॉइंट शून्य. तिसऱ्यांदा प्रोफेसर 'आता' म्हणालेच नाहीत, त्यांनी नुसता चष्मा काढला आणि डोळे चोळले, आणि त्यांच्या खांद्यावरची राख थोडी खाली सांडली. त्या क्षणी ते मला म्हातारे वाटले, कुणाचे तरी वडील, आणि मला तेही नको होतं, मला राग हवा होता, अख्खा. त्यांनीच तो परत दिला. "हे तुला सकाळी माहीत होतं," ते म्हणाले. "ग्रानिता खाताना माहीत होतं." "गेल्या मेपासून माहीत आहे." "मग सांगितलं का नाहीस?" "पेटीवर लिहिलं होतं. तुमच्या पेटीवर." "चिटोऱ्यावर!" ते ओरडले. "अशी गोष्ट माणूस चिटोऱ्यावर लिहितो? प्रोग्रॅम कशाला आहे? अकरा महिने आम्ही इथे..." आणि दिवसभरात ते बोलले त्यातलं हे एकच खरं होतं, म्हणून मला सगळ्यात जास्त संताप त्याचा आला. "चिटोऱ्यावर लिहिलं, चुकले," मी म्हटलं. "वहीत पण लिहिलं होतं. वही त्या कपाटात आहे. अकरा महिने आहे. उघडायला हात लागत होते, बाई लागत नव्हती."

प्रोफेसर स्टुलावर बसले आणि अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "शुक्रवारी तुझ्या फायलीत मी काय ठेवू आता?" त्यांना खरंच ते कळत नव्हतं, त्यांना वाईट वाटत होतं. मलाही माहीत नव्हतं. अजूनही नाही, हे लिहितेय तेव्हा बुधवारची दुपार आहे, पोर माझ्या मांडीवर झोपलीय, आणि शुक्रवार परवा आहे. मी फक्त त्यांच्या शेजारून वाकून पेटीच्या प्रोग्रॅममध्ये चार घातला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पडद्यावर तीन महिन्यांचे सगळे ठिपके एकदम चार अंश सरकले आणि पुस्तकातल्या जुन्या रेघेवर जाऊन बसले, एकावर एक, निमूट, जणू तिथेच राहत होते. कंटाळवाणी रेघ. त्यात कुणाचंच नाव नाही. ओत्ताव्यो मागून पुटपुटला, "छापील पट्टी काढू का एक? नीट, मोठ्या अक्षरात?" मी म्हटलं, "नको." माझा पेला टेबलावर होता, ग्रानिता विरघळून पांढरं गोड पाणी झालेलं, ते मी उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

मग वही काढली. मागच्या मेच्या पानावर चार होताच, खाली घाईघाईत 'रो'. त्याखाली आजची तारीख घातली, तीन आकडे लिहिले. हात ओला होता, शाई जरा पसरली. आणि शेवटी सगळं नाव लिहिलं, आईकडचं आडनाव धरून, सावकाश, गिचमिड न करता. फोन थरथरला. चिरीनोचा निरोप होता: ती उठलीय, रडतेय, येतेस का? वही मी कपाटात ठेवली नाही. उघडी, भांड्यापाशी ठेवली, त्या डिंकाच्या चौकोनाखाली, आणि राखेत पावलं उमटवत घरी निघाले.